‘अधिक वाचा’च्या खाली गेलेले साहेब

पुस्तकाच्या वर्णनात पानांचा आकडा लिहायचा असेल, तर प्रकाशकानं कळवलेल्या आकड्यावर मी विसंबत नाही. पुस्तक हातात घेतो आणि पानं मोजतो. वजन स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर करतो. बायको म्हणते, या काट्यावर रव्या-बेसनापेक्षा पुस्तकंच जास्त चढतात. चढू देत. दोनशे ऐंशी पानांचं म्हणून आलेलं एक पुस्तक मी मोजलं तेव्हा दोनशे चौसष्ट भरलं. मधली सोळा पानं कुठं गेली, हे त्या प्रकाशकाला आजवर सांगता आलेलं नाही.

कापसाची जिनिंग गिरणी बंद पडेपर्यंत मी तिथे हिशेब सांभाळत होतो. नंतर बीडमधल्या एका पुस्तकविक्रेत्यानं हे काम दिलं. त्याची पुस्तकं इंटरनेटवरच्या मोठ्या बाजारात विकायला असतात. तिथे प्रत्येक पुस्तकाला एक पान असतं. मुखपृष्ठाचं चित्र, किंमत आणि खाली वर्णन. ते वर्णन नीट लावून द्यायचं, एवढंच माझं काम. मजकूर लेखकाकडून येतो तो बहुतेक वेळा व्हॉट्सॅपवर, एकाच ढिगात, मध्ये मध्ये फुलं आणि जोडलेले हात. मी त्याचे परिच्छेद पाडतो. ठळक करायचं ते ठळक करतो. फोन नंबर काढतो, कारण तो चालत नाही. ‘महाराष्ट्रातील एकमेव’ हे काढतो, कारण ते खरं नसतं.

या कामातली खरी मेख वरच्या चार-पाच ओळींत आहे. पान उघडलं की वर्णन पूर्ण दिसत नाही. सुरुवातीच्या काही ओळी दिसतात आणि खाली निळ्या अक्षरांत ‘अधिक वाचा’ असं येतं. त्यावर बोट ठेवलं तर बाकीचं उघडतं. बोट ठेवायची तसदी लोक घेत नाहीत. म्हणून पुस्तकात जे आहे ते वरच्या ओळींत आलं पाहिजे, असा माझा नियम. हा नियम एकदाच मोडला, व्याह्यांच्या पुस्तकासाठी, आणि तो मला चांगलाच भोवला.

माझे व्याही उमापूरचे. बरी जमीन, मोसंबीची बाग, एकदा सरपंच होते आणि त्या वेळी पंचायत समितीच्या तिकिटावर डोळा होता. आमची एकुलती एक मुलगी त्यांच्या थोरल्या मुलाला दिलेली. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. माणूस बोलायला रोखठोक, वागायला मोकळा. पण राजकारणात असलेला माणूस घरी पाणी प्यायलाही काही हेतूशिवाय येत नाही, असा माझा अनुभव असल्यानं मी थोडा जपूनच असायचो.

त्यांनी मोसंबीवर पुस्तक काढलं. बागेला ताण कधी द्यायचा, पाणी कधी सोडायचं, खोडातून डिंक यायला लागला तर काय करायचं, रोपवाटिकेतला माणूस कसा फसवतो. पुस्तक चांगलं होतं. व्याही म्हणून सांगत नाही. मी सगळं वाचलं, पानं मोजली, ती बरोबर भरली. पण त्यांनी पाठवलेल्या वर्णनात मोसंबी शेवटच्या ओळीत होती. वर दोन साहेबांचे आशीर्वाद. त्याखाली शुभेच्छुक, म्हणजे गावातले सगळे, चौकातल्या फ्लेक्सवर असतात त्याच क्रमानं.

मी फोन केला. म्हटलं, “इवाई, शुभेच्छुक काढावे लागतील. आणि साहेब खाली घेऊ. मोसंबी लावणाऱ्याला साहेबांचं काय?”

“आसं कसं? मोसंबीला पानी साहेबाच्याच कॅनॉलचं हाय की.”

“कोणत्या साहेबांच्या?”

“दोघांच्याबी. एकानं मंजूर केला, एकानं खंदला.”

हे दोन साहेब आधी एका पक्षात होते, मग पक्ष फुटला आणि एकमेकांचं तोंड बघेनासे झाले. व्याही वर्षानुवर्षं पहिल्या साहेबांचे. तिकिटाच्या आशेनं त्यांनी नुकतीच दुसऱ्या साहेबांकडे ऊठबस सुरू केली होती. पण पहिल्यांना सोडलंही नव्हतं. त्यांचं म्हणणं, जुनं तोडायचं न्हाई आन नवं जोडायचं. शुभेच्छुक काढायला ते कसेबसे तयार झाले. साहेब मात्र वरच पाहिजेत म्हणाले. नात्याचा मामला. मी मान्य केलं.

पहिल्या साहेबांच्या नावाआधी विशेषणं होती कार्यसम्राट, विकासरत्न, शेतकऱ्यांचे कैवारी. दुसऱ्यांच्या आधी लोकनेते आणि भाग्यविधाते. मी ती जशीच्या तशी ठेवली. लावल्यावर माझ्या फोनवर पाहिलं, बायकोच्या फोनवर पाहिलं, दुकानातल्या संगणकावर पाहिलं. तिन्हीकडे दोन्ही नावं वरच्या ओळींत पूर्ण दिसत होती. तिन्हीचे फोटो काढून ठेवले. ही माझी सवयच आहे. उद्या कोणी म्हणालं की असं नव्हतंच, तर दाखवायला काहीतरी हवं.

त्यानंतर चार-सहा दिवसांनी आम्ही मुलीला आणायची तारीख ठरवायला फोन केला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. सातव्यात ओटी भरून आणायचं. आठव्यात लेकीला हलवत नाहीत. नवव्यात आणायचं म्हटलं तर उमापूरहून गेवराई आणि गेवराईहून बीड, त्या रस्त्यानं अवघडलेल्या पोरीला कोण आणणार? म्हणजे आणायचं तर सातव्यातच. बीडचे डॉक्टर ठरवून झाले होते. बायकोनं जुन्या सुती साड्या धुऊन दुपट्यांसाठी फाडून ठेवल्या होत्या.

व्याही म्हणाले, “बगू की. अमावस्या होऊ द्या.”

अमावस्या झाली. मग म्हणाले, बागेची तोड चालू हाय, घरात मानूस न्हाई. मी पंचांग बघितलं आणि बाजारभावही बघितले. भाव पडलेले होते आणि त्या पट्ट्यात कोणी तोड करत नव्हतं. मला संशय आला तो तिथून.

जावयाला फोन लावला. तो आधी आढेवेढे घेत होता. मग म्हणाला, “मामा, तुमी ते साहेबाचं कावून तसं केलं?”

“कसं केलं?”

त्यानं सांगितलं ते असं. ओसरीवर बैठक बसली होती. व्याह्यांनी मोठ्या कौतुकानं आपला फोन सोसायटीच्या चेअरमनच्या हातात दिला आणि म्हणाले, वाच बे मोठ्यानं. चेअरमननं वाचायला सुरुवात केली. कार्यसम्राट, विकासरत्न, कैवारी, पहिल्या साहेबांचं नाव, आणि तिथेच ‘अधिक वाचा’.

“आन दुसरे साहेब?” कोणीतरी विचारलं.

“दिसंना गेलेत. सरपंच, तुमच्या इवायानं नव्या साहेबाला पडद्याआड बसवलं की!”

“पडद्याआड न्हाई बे, तळघरात!”

“बटन दाबलं की येत्यात वर. लिफ्टनी.”

सगळी बैठक हसली. व्याही हसले नाहीत. त्यातच एकानं आठवण काढली की माझा धाकटा मेहुणा पहिल्या साहेबांच्या गटात आहे, सभेच्या खुर्च्या तोच लावतो. झालं. कोणी काही सिद्ध करायची गरज उरली नाही.

माझ्याकडे तीन फोटो होते आणि तिन्हीत दुसरे साहेब होते. मग उमापुरात ते खाली कसे गेले? पहिला संशय दुकानातल्या ऑपरेटरवर. त्याचं गाव गेवराईकडचं. मी जाऊन बघितलं. मजकुरात एक काना बदललेला नव्हता. शेवटचा बदल माझाच, माझ्याच तारखेचा. ऑपरेटर म्हणाला, “काका, मी शिवसुद्धा नाही हो. मला तर दोन्ही साहेब सारखेच, दोघांनीबी मला नोकरी देतो म्हणून सांगितलतं.” दुसरा संशय चेअरमनवर. वाचताना त्यानं मुद्दामच अर्ध्यावर थांबवलं असेल. पण नाव दिसत नव्हतं, असं जावयानंही स्वतः पाहिल्याचं सांगितलं. मग तिसरा संशय जावयावर. हा आपल्या बायकोला पाठवायचं नाही म्हणून बापाच्या नावावर गोष्ट तर रचत नाही? त्याला म्हटलं, तुझ्या फोनवर उघडून फोटो पाठव. त्यानं पाठवला. दोन्ही नावं होती. म्हणजे एकाच घरात एका फोनवर एक साहेब आणि दुसऱ्या फोनवर दोन.

मुलीशी बोलायला गेलो तर ती नुसतं “हं”, “बरं”, “बघू” म्हणायची. एरवी आईशी बोलताना फोन गरम होईपर्यंत थांबत नाही. मला वाटायचं, कोणीतरी शेजारी बसून ऐकतंय. बायकोला म्हटलं तर ती म्हणाली, “आवो, ती दमत आसंल. सगळ्याच गोष्टीत काय काळं बगता?” पण तीही लिंबागणेशला चतुर्थीला जाऊन आली आणि तिथे गणपतीला काय बोलली ते मला सांगितलं नाही, यावरून मी समजलो की तिलाही काळजी आहे.

शेवटी मी न कळवताच गेलो. कळवून गेलं की माणसं तयारीत असतात. गेवराईपर्यंत बस, पुढं जीप. उमापुरात पोचलो तेव्हा ओसरीवर व्याही, चेअरमन आणि आणखी दोघं बसलेले. चहा आला. हवापाण्याचं बोलणं झालं. मुलीच्या जाण्याचं कोणी काढेना. मी काढलं तर चेअरमन मध्येच म्हणाला, “लेकीला नेताव खरं पाहुणे, पन आमच्या साहेबाला वर कवा आनताव?”

मी पिशवीतून छापून आणलेले फोटो काढले. जावयाचा फोन मागितला, माझा शेजारी ठेवला. दोन्हीवर दोन्ही साहेब. चेअरमननं वाकून पाहिलं आणि म्हणाला, “आता नीट केलं आसंल. तवा न्हवतं.”

“मी काहीच केलेलं नाही.”

“मंग आपुआप वर आले का? साहेब कवाबी आपुआप वर येत न्हाईत.”

सगळे हसले. आकडे आणि फोटो घेऊन गेलेल्या माणसाची अशी फजिती होते. पुरावा होता, पण तो माझ्याच पिशवीतून निघाला होता, त्यामुळे त्याला किंमत नव्हती.

तेवढ्यात मुलगी कप न्यायला आली. चेहरा ओढलेला, पण तब्येत बरी दिसली. कप उचलता उचलता सासऱ्यांना म्हणाली, “आण्णा, पप्पांना तुमच्याच फोनवर दाखवा की.” एवढंच बोलून आत गेली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

व्याह्यांनी फोन दिला आणि माझ्या लगेच लक्षात आलं. अक्षरं एवढी मोठी केली होती की एका ओळीत दोन-तीन शब्द मावत होते. नुसती विशेषणंच अर्धा पडदा खात होती. पहिल्या साहेबांचं नाव जेमतेम आलं होतं आणि दुसऱ्यांना जागाच उरली नव्हती. त्यांना खाली कोणी ढकललं असेल तर कार्यसम्राट, विकासरत्न आणि कैवारी या तिघांनी.

मी तोंड उघडणार होतो. मग दोन गोष्टी मनात आल्या. एक म्हणजे, हे मुलीला पहिल्यापासून माहीत होतं. तरीही ती बोलली नाही. बोलली असती तर माहेरची बाजू घेती म्हणून तिचंच नाव झालं असतं. दुसरी गोष्ट अशी की अक्षरं इतकी मोठी कोणी हौसेनं करत नाही. आणि तिकीट मागणारा माणूस चारचौघांत ते ऐकून घेणार नाही.

म्हणून म्हटलं, “हो. दिसत नाही खरं. बघतो काय झालंय.”

“मी काय म्हनलो!” चेअरमननं मांडीवर थाप मारली.

व्याह्यांना म्हटलं, बाग दाखवा, बऱ्याच दिवसांत पाहिली नाही. आम्ही दोघंच निघालो. ते पुढं चालत होते, ओळखीच्या बांधावरून सरळ, अजिबात न अडखळता. मला पुन्हा शंका आली की मी उगाच काहीतरी धरून बसलोय. एका झाडाखाली थांबलो. त्यांनी एक फळ तोडलं, बघितलं नाही, हातात दोनदा झेललं आणि म्हणाले, “अजून पंधरा दिस हायेत ह्याला.”

मी माझा फोन काढला. दुकानाच्या दुसऱ्याच एका पुस्तकाचं पान उघडलं आणि त्यांच्यापुढं धरलं. म्हटलं, “हे बघा इवाई, आता दोन्ही साहेब वर आलेत.”

त्यांनी मान थोडी तिरकी केली. डोळे बारीक केले. “हां, हां. आता दिसायलेत की. बराबर हाय.”

“इवाई,” मी म्हटलं, “हे लोणच्याच्या पुस्तकाचं पान आहे.”

इथून पुढचं लिहावं की नाही, हे मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, लिहा, आता डोळाबी बरा हाय आन तिकीटबी गेलंच. म्हणून लिहितो.

ते फळ हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, “लई हुशार हाव तुमी. इवायाची परीक्षा घेताव.”

“कधीपासून?”

“एका डोळ्यानं तर काईच न्हाई. दुसऱ्यानं सकाळचं बरं दिसतं. गेवराईत दाखवायला गेलतो एकदा, तोंडाला रुमाल बांधून. मोतीबिंदू म्हनला डॉक्टर. दोन्हीकडं.”

“मग केलं का नाही ऑपरेशन?”

“आन हिरवी पट्टी लावून साहेबाकडं तिकीट मागायला जाऊ? तिकडं आदीच म्हनायलेत, सरपंच थकला. त्यात डोळं गेले म्हनल्यावर संपलंच की.” मग म्हणाले, “घरात कुनाला ठावं न्हाई. पोरगं तोंडाचं हलकं हाय. फकस्त सूनबाईला ठावं हाय. तिला शपथ घातलीय. अक्षरं तिनंच मोठी करून दिली, पन आता तेबी दिसंनात. पेपर ती वाचती. साहेबाचे मेसेज ती वाचती, उत्तर ती टाकती. ह्ये पुस्तक तर मी नुसतं बोललो, टायपलं सगळं तिनं. आता ती गेली म्हंजी...” दूर कुठंतरी पाण्याची मोटर चालू होती, तिचा आवाज येत राहिला.

म्हणजे अमावस्या नव्हती, तोड नव्हती आणि साहेबही नव्हते. चेअरमनच्या त्या विनोदानं त्यांना एक सोयीचं कारण मिळालं होतं एवढंच. त्यांना माझा राग आला नव्हता. तिकिटाचा निकाल लागेपर्यंत त्यांना माझी मुलगी हवी होती.

मला राग यायला हवा होता. आलाही. म्हटलं, “तिचा सातवा सरत आलाय. तुमची यादी लागेपर्यंत नववा लागेल. रस्त्यात काही झालं तर कोणत्या साहेबाला विचारायचं?”

“तेच मलाबी समजंना गेलंय,” ते म्हणाले. ते इतक्या साधेपणानं म्हणाले की माझ्याजवळचं पुढचं वाक्य मी बोललो नाही.

मग मी म्हणालो, “तुम्हीही चला तिच्यासंगं. बीडला डॉक्टर आहेत. आमच्याकडे उतरा.”

“सुनेच्या माहेरी मुक्काम? लोक काय म्हनतील?”

“लोक म्हणतील, काहीतरी राजकारण शिजतंय. ते तर तुम्हाला चालतं ना?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या आवाजाकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच हसले.

ओसरीवर परत आल्यावर मी तिथंच बसून वर्णन बदललं. दोन्ही साहेबांची विशेषणं काढून टाकली आणि नुसती नावं ठेवली, आधी ‘मा.’ लावून. व्याह्यांच्या फोनवर उघडून चेअरमनच्या हातात दिलं. दोन्ही नावं वर आणि खाली मोसंबीचीही एक ओळ आली. चेअरमननं दोनदा वाचलं. त्याला ते पटत नव्हतं, पण कुठं बोट ठेवावं हे सापडत नव्हतं. शेवटी म्हणाला, “कार्यसम्राट काडलं व्हय?”

“दोघांचंबी काडलंय,” व्याही म्हणाले. “भांडन नको.” मग आवाज चढवून घरात ऐकू जाईल असं म्हणाले, “सूनबाई, ओटीची तयारी करा. आन माझीबी पिशवी भरा. बीडला दोन-चार गाठीभेटी हायेत.”

चेअरमन माझ्याकडे असं बघायला लागला की जणू मीच तिकीट वाटणार होतो.

ओटी भरली आणि आम्ही निघालो. जीपमध्ये पुढं व्याही, मागं मी आणि मुलगी. गेवराई मागं पडली. मग ती हळूच म्हणाली, “पप्पा, मी सांगू शकत नव्हते.”

“माहीत आहे.”

“तुम्ही लोणच्याचं पान दाखवलं म्हणे त्यांना.”

“कोणी सांगितलं?”

“त्यांनीच. हसत होते.”

बीडला पुढचे पंधरा-वीस दिवस आमच्या घरावर गल्लीतल्या सगळ्यांची नजर होती. मेहुण्याच्या गटातली दोन पोरं विनाकारण समोरच्या टपरीवर बसायला लागली. मेहुणा स्वतः येऊन बहिणीला विचारून गेला, की सरपंच कोणाला भेटायला आलेत. बायको म्हणाली, “माज्या हातची पुरनपोळी खायाला.” त्यानं ते खरं मानलं नाही. खरं होतं तरीही. व्याह्यांसमोर ती रोज नवं काही करत होती आणि रोज म्हणत होती, मीठ बराबर हाय का बगा, मला इवायासमोर काही सुदरत न्हाई.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं काही दिवसांच्या अंतरानं नीट झाली. दवाखान्यात जाताना ते तोंडाला रुमाल बांधत आणि येताना काळा चष्मा घालत. टपरीवरच्या पोरांनी त्यातूनही काहीतरी अर्थ काढला. उमापुरात बातमी अशी गेली की सरपंच बीडमध्ये मोठ्या माणसांच्या गुप्त बैठकीला बसलाय, चष्मा घालून फिरतोय, ओळखू नये म्हणून. चेअरमनचा रोज फोन येई. व्याही म्हणायचे, “आता काई विचारू नको. वेळ आली की सांगतो.”

परत जायच्या दिवशी सकाळी ते पेपर घेऊन बसले. पहिलं पान सगळं वाचलं, जाहिरातींसकट. मग निघताना माझ्या बायकोला म्हणाले, “इहीणबाई, लेकराला घाईनं मागनार न्हाई. सव्वा म्हैना न्हाई, चांगलं तीन म्हैने ऱ्हाऊ द्या हितं.”

मला हे चमत्कारिक वाटलं. जो माणूस आत्ता-आत्तापर्यंत तिला पाठवायला नको म्हणत होता, तो आज तीन महिने ठेवा म्हणतोय. मी मुलीला एकटीला गाठलं. ती चादरीची घडी करत राहिली. मग म्हणाली, “मीच म्हणाले त्यांना. मला जास्त दिवस राहायचंय.”

“का?”

“आता त्यांना दिसतंय ना. आता ते पुस्तक वाचतील.”

“मग?”

“पप्पा, ते बोलायचे आणि मधेच झोपायचे. रोपवाटिकेत फसवणूक कशी होते ते प्रकरण त्यांनी कधी सांगितलंच नाही. ते मी लिहिलं. मागच्या वर्षी आमची रोपं फसवून दिलेली, तेव्हा सगळं मीच बघितलं होतं. म्हटलं, राहून जायला नको.”

“आणि वाचून दाखवताना?”

“तेवढं प्रकरण मी सोडून वाचायचे.”

मी वर्णनात पानं मोजून लिहिली होती. प्रत्येक पान तपासलं होतं. पण कोणतं पान कोणाचं, हे मला ओळखू आलं नव्हतं.

पुढचे दिवस मी फोनची वाट बघत होतो, म्हणजे तो येऊ नये अशी वाट बघत होतो. एका दुपारी आला. व्याही म्हणाले, “इवाई, पुस्तक वाचून झालं.”

“बरं.”

“ह्यात रोपाचं एक प्रकरण लई झ्याक हाय. मी लिहिलंय म्हनं ते.”

स्वयंपाकघराच्या दारात मुलगी उभी होती, पोटावर हात ठेवून, आणि माझ्या चेहऱ्यावरून काय चाललंय ते ताडत होती.

“कालच चेअरमन वाचून गेला,” ते म्हणाले. “म्हनला, सरपंच, सगळ्यात चांगलं हेच लिहिलंत. मी म्हनलो, हो. आता त्याला काय सांगू?” मग म्हणाले, “सूनबाईला सांगा, पुढच्या छपाईला तिचं नाव टाकतो. साहेबाच्या वर.”

“साहेबांच्या वर?”

“मंग काय खाली?” ते म्हणाले. आणि लगेच आवाज बदलून, पक्का संशय आलेल्या माणसासारखं विचारलं, “इवाई, एक सांगा. तुमचंबी काई घातलेलं न्हाई ना ह्यात?”